आत्याची उतरंड आणि दोन कार्बोरेटर

अकरावी-बारावीला मी लातूरला आत्याच्या घरी राहिलो, असं मी आजही सांगतो आणि माझी बायको आजही मधेच दुरुस्ती करते, की घरी नव्हे, घरासमोर. तिचं बरोबर आहे. आत्याचं घर चांगलं पक्कं, चार खोल्यांचं, वर गच्ची असलेलं होतं. पण त्यात आत्या राहत नव्हती, आत्याचा नवरा राहत नव्हता, आणि म्हणून मीही राहत नव्हतो. आम्ही तिघं अंगणातल्या पत्र्याच्या शेडात राहायचो. घरात राहायची ती उमरीची, देगलूरची, रेणापूरची आणि कुठकुठली पोरं, लोखंडी कॉट आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली. सकाळी उठल्यापासून त्या चार खोल्यांमधून सेंद्रिय रसायनशास्त्राचा असा काही घोष चालायचा, की नवख्या माणसाला आत मठ आहे असं वाटावं. आणि घराचे मालक बाहेर पत्र्याखाली चुलीवर भाकरी थापत.

याचं कारण भूकंप. त्या पहाटे फळीवरची भांडी खाली आली तशी आत्या गोधडी घेऊन अंगणात आली, ती पुन्हा घरात झोपायला म्हणून गेलीच नाही. घराला तसं काही झालं नव्हतं. एका भिंतीला केसाएवढी चीर गेली होती; एका इंजिनिअरनं येऊन ती बोटानं चाचपून ‘काही नाही, प्लास्टर आहे’ असं सांगितलं होतं. पण मामांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची, थोरली बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली होती. तिचं घर दगडामातीचं होतं. ती राहिली नाही. आत्या त्याबद्दल कधी बोलली नाही. तिनं फक्त स्लॅबखाली झोपणं सोडलं. मामाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मोटारसायकल आणली.

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणून हे मामा. दिगंबर नाव, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचं काम, आणि बोलायची सवय जवळजवळ नाही. पेन्सिल जपून वापरावी तसा माणूस शब्द जपून वापरायचा. ती गाडी त्यांना उदगीरच्या एका आडत्याच्या गोदामात तुरीच्या पोत्यांआड सापडली. फार पूर्वी कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी साहेबानं ती आणली होती आणि जाताना इथंच टाकून गेला होता. टेम्पोतून ती अंगणात उतरली तेव्हा तिच्या टाकीत तुरीचे दाणे होते आणि सीटमध्ये उंदराचं बाळंतपण झालेलं होतं. आत्यानं एकदा तिच्याभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हे भंगार कशाला आणलं? घरातलं एवढं सामान पडलेलं हाय तेवढं पुरं न्हाई का?’’

‘‘दोन सिलिंडरची हाय,’’ मामा म्हणाले. त्यांच्या मते यात सगळं उत्तर आलं होतं.

मी आल्यावर शेडात आमची अशी विभागणी झाली: एका कडेला आत्याची चूल आणि खाट, दुसऱ्या कडेला माझी चटई आणि पुस्तकं, आणि मधोमध जुन्या सतरंजीवर मोटारसायकल. ती मधे असल्यामुळे तिला ओलांडूनच सगळे व्यवहार व्हायचे. भाकरी तिच्या हँडलवरून यायची. येसराच्या आमटीचं पातेलं चुलीवरून उतरलं की कधी ते जेवायला यायचं आणि कधी त्यात मामांच्या गाडीचे जेट, स्प्रिंगा आणि सुया रॉकेलमध्ये भिजत पडलेल्या असायच्या. आत्याच्या आमटीला त्या वर्षी जी एक वेगळी चव होती, तिचं मी नांदेडला आईजवळ कौतुक केलं. आईनं तीच आमटी करून पाहिली, जमली नाही. तिच्याकडे रॉकेल कमी पडलं असणार.

मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचो. समजायला आधार असा होता, की नांदेडात आमच्या गल्लीत दहावीला मला सगळ्यांत जास्त गुण होते. आणि आमच्या गल्लीत त्या वर्षी दहावीला दोघंच होते. वडलांनी मला डॉक्टर व्हायला लातूरला धाडलं. आज माझं वजिराबादेत पाइप आणि नळाच्या फिटिंगचं दुकान आहे. नळ्यांशी संबंध राहिला, एवढं समाधान मी करून घेतो.

पण सांगायचं होतं ते आत्याच्या झोपेचं. त्या काळात लातूर भागात जमीन अधूनमधून गुरगुरायची. मोठ्या भूकंपानंतरही पोटात काही राहून गेल्यासारखी. बाकीच्यांना कधी ऐकू यायची, कधी नाही. आत्याला नेहमी यायची. तिचा कान इतका तिखट झाला होता, की कोपऱ्यावरून उसाची गाडी वळली तरी ती उठून बसायची. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या तिनं तुळशीच्या कोनाड्यात ठेवल्या आणि घेतल्या नाहीत. का, तर, ‘‘गोळी घेऊन झोपले आन आला, तर तुम्हाला उठवायचं कुणी?’’ भूकंपाला दोन वर्षं होत आली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं आणि शब्दाशब्दाला ती खेकसायची. पूर्वीची आत्या अशी नव्हती. नांदेडला माहेरपणाला आली की जेवण झाल्यावर दुपारी अशी गाढ झोपायची, की आम्ही पोरं तिच्या वेणीला खाटेची दोरी बांधून ठेवायचो.

तिनं शेडात उतरंड मांडलेली असायची. ही उतरंड त्या दिवसांत घरोघर होती: पालथ्या तांब्यावर तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर वाटी आणि वाटीत काचेच्या गोट्या. जमीन हलली की गोट्या किणकिणायच्या. जास्त हलली की सगळं खाली यायचं आणि माणसं उठून बाहेर पळायची. आता आम्ही मुळात बाहेरच होतो, पळून आणखी कुठं जायचं होतं, हा प्रश्न मी एकदा विचारला आणि पाठीत लाटणं खाल्लं. आत्याची उतरंड गल्लीत सगळ्यांत उंच होती. समोरच्या हमीदाखालांची तिच्यापेक्षा एका वाटीनं कमी. हमीदाखाला म्हणजे बांगड्यांच्या दुकानवाल्या घरातली म्हातारी, आत्याची जिवाभावाची मैत्रीण. ‘‘तेरी मीनार गिरी के मैं भागती,’’ असं त्या म्हणायच्या, ‘‘मेरी का भरोसा नै.’’

मामांनी गाडी जोडून पहिल्यांदा सुरू केली ती एका सकाळी. आम्ही सुशीला खात होतो, मुरमुऱ्याचा घास माझ्या तोंडात होता. मामांनी किक मारली, मारली, आणखी मारली, आणि अचानक ती गाडी जी काही उठली, तिला सुरू झाली म्हणणं बरोबर नाही. ती संतापली. डाव्या बाजूनं धडाधड, उजवीकडून थांबून थांबून एकेक गचका, मधेच सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार. शहाबादी फरशी पायाखाली थरारली. आणि आत्याची उतरंड खणखणत खाली आली.

पुढचं सगळं उतरंडीच्या कायद्याप्रमाणे झालं. आत्या किंचाळली. समोरून हमीदाखाला कणकेच्या हातांनी पळत रस्त्यावर आल्या आणि गल्ली त्यांच्या मागोमाग. आमच्या घरातली पोरं बाहेर पडली. बालाज्या नावाचा उमरीचा पोरगा मच्छरदाणीसकट. शेजारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये कोचिंगचा क्लास भरलेला होता, त्यातली अख्खी बॅच चेंगराचेंगरी करत मैदानात गेली. आणि या सगळ्या आकांतात मामा एकटेच गाडीवर वाकून, मान तिरकी करून ऐकत होते. ‘‘डावा भरलालाय,’’ ते माझ्याकडे बघून समाधानानं म्हणाले, ‘‘उजवा उपाशी हाय.’’

भूकंप कुठून आला हे गल्लीला कळल्यावर जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. काही शब्द मला आजही लिहिता येत नाहीत. सगळे पांगल्यावर आत्या खाली सांडलेल्या गोट्या वेचत बसली. मग शांतपणे म्हणाली, ‘‘आवं, आता ऐका. रविवारी भंगारवाला येतो. एक तर हे जाईल, न्हाई तर मी जाईन. नांदेडला दादाकडं जाऊन ऱ्हाते. तिथली जमीन तरी गुमान हाय.’’

मामांचा चेहरा उतरला. आत्याची ती नुसती धमकी नव्हती. आत्याची ट्रंक अर्धी भरलेली मी पाहिली होती. आणि ती गेली असती, तर परत आली असती असं मला आजही वाटत नाही. मामा हातातला पेचकस तेवढा पुसत राहिले. तेव्हा हमीदाखालाच मधे पडल्या.

‘‘अगे शकू, एक मौका तो दे मरद को. पूरा लातूर परीक्षा देके रैला, ये गाडी भी देंगी. रविवार कू तेरी उतरंड के बाजू में चालू करने का. गिरी तो भंगार. नै गिरी तो रहने का.’’

आत्यानं विचार केला. ‘‘एक गोटी जरी वाजली, तरी नापास.’’

‘‘हाव,’’ मामा म्हणाले.

आता यात मी कुठून आलो? मी स्वतःहून आलो. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर. पेट्रोल आणि हवा यांचं कालवण तिथं होतं आणि सिलिंडरला वाढलं जातं. साध्या गाडीला एक कार्बोरेटर. या गाडीला दोन सिलिंडर आणि दोघांची चूल वेगळी. एका चुलीवर सढळ हातानं वाढलं आणि दुसरीवर हात आखडला, की एक सिलिंडर सगळं इंजिन ओढतो, दुसरा नुसता फरफटतो, आणि गाडी अंगात आल्यासारखी हलते. दोघांना सारखं वाढायचं, हे सगळं काम. मामा ते कानानं करत होते. एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा, मान तिरकी करायची, पुन्हा फिरवायचा. मला ते पाहवेना. मी त्या आठवड्यात क्लासमध्ये दाबाचा धडा शिकलो होतो.

‘‘मामा, हे मोजता येतं,’’ मी म्हणालो. ‘‘दोन्ही बाजूंचं ओढणं नळीनं मोजायचं. यू आकाराची नळी, त्यात रंगीत पाणी. दोन्हीकडं पाणी सारखं आलं की झालं. भौतिकशास्त्र आहे.’’

मामांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात आदर होता असं मला तेव्हा वाटलं. मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाईनची नळी आणली, पाटाच्या फळीवर खिळ्यांना यू आकारात ताणली, तीत निळ्या शाईचं पाणी भरलं. इंजिनाच्या तोंडाशी दोन बारके स्क्रू होते, ते काढून तिथं नळीची दोन टोकं खोचली. बालाज्या आणि मंडळी पुस्तकं मिटून बघायला आली. मी त्यांना नियम समजावून सांगितला. खडू असता तर फरशीवर आकृतीही काढली असती. मामांनी किक मारली. निळं पाणी एका बाजूला ऐटीत वर चढलं. ‘‘बघा!’’ मी ओरडलो. पाणी आणखी चढलं, पाटाच्या टोकाशी गेलं, टोकाशी थांबलं नाही, आणि गाडीनं एका घोटात सगळी शाई पिऊन टाकली. डावा सिलिंडर खोकला, मागून पांढऱ्या वाफेचा एवढा मोठा ढग आला, आणि गाडी मेली. नळी एवढी तोकडी घ्यायची नसते आणि तिला मधे कुठं तरी आवळायची असते, हे पुढं मला एका पुस्तकात सापडलं. तोपर्यंत मी फिटिंगच्या धंद्यात मुरलो होतो.

खाटेवरून आत्याचा आवाज आला, ‘‘झाला का रे सुध्या लेखी पेपर? आता तोंडी कधी हाय?’’

मामा कामाला लागले. शाई प्यालेला सिलिंडर त्यांनी उघडला, पुसला, तेल घालून पुन्हा बसवला. पिस्टनच्या रिंगाही नव्या टाकल्या. ‘‘नव्या रिंगा हायत,’’ एवढंच म्हणाले, ‘‘आता तापू द्यायची न्हाई.’’ मला वाटलं, रागानं मला सांगतायत. ते गाडीबद्दल बोलत होते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर परीक्षा सुरू झाली. भंगारवाला हातगाडी फाटकाशी लावून उंबरठ्यावर चहा पीत बसला; आत्यानं त्याला आधीच निरोप दिला होता. हमीदाखाला पानाचा डबा घेऊन आल्या. पोरं घराच्या पायऱ्यांवर ओळीनं बसली. आत्यानं गाडीच्या अगदी लगत, चाकापासून वितीवर, स्वतःच्या हातानं उतरंड रचली. मग खाटेच्या पायाला टेकून फरशीवर बसली आणि उतरंडीशेजारी उजव्या हाताचा तळवा जमिनीवर पालथा ठेवला. असा हात ठेवून ती रात्र रात्र बसायची. आज फरक एवढाच होता, की आज ती घाबरलेली नव्हती. नापास करायला बसलेल्या परीक्षकाला असतो तसा एक उत्साह तिच्या तोंडावर होता.

मामांनी किक मारली. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली आणि गोट्या लगेच वाजल्या.

‘‘वाजली!’’ आत्या म्हणाली. ‘‘नापास!’’

‘‘अगे ठैर,’’ हमीदाखाला म्हणाल्या, ‘‘वार्म तो होने दे. आदमी को भी सबेरे टाईम लगता.’’

मामा वाकले. डावीकडचा स्क्रू किंचित फिरवला. आवाज थोडा उतरला.

‘‘अजून हलतंय,’’ आत्या म्हणाली. ‘‘हितून, तुमच्या बाजूनं धक्का येऊन राहिला.’’

मामांनी उजवीकडचा फिरवला.

‘‘आता तिकडून. एक जोरात, एक हळू. जोरात, हळू. लंगडं चाललंय.’’

मामांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मी त्या नजरेतला अर्थ फार उशिरा लावला. त्यांनी मान तिरकी करून ऐकणं बंद केलं. ते आता इंजिनाकडे बघतही नव्हते, आत्याच्या तळव्याकडे बघत होते. ती म्हणायची ‘‘हाय अजून’’, ते एक केस फिरवायचे. ती म्हणायची ‘‘आता जास्त झालं’’, ते केसभर मागं घ्यायचे. ती दोष काढायला बसली होती, आणि एकही दोष सुटू नये म्हणून जीव एकवटून काढत होती. मला न कळणारी, मामांना न कळणारी, कुठल्या नळीला न मोजता येणारी थरथर ती पकडायची आणि विजयानं जाहीर करायची, आणि मामा ती काढून टाकायचे. प्रत्येक नापासागणिक गाडी थोडी आणखी पास होत होती. माझ्या क्लासचे सर असे असते, तर आज मी सर्जन असतो.

‘‘आता बारीक हाय,’’ आत्या म्हणाली. ‘‘मुंगी चालल्यावानी.’’

मामांनी स्क्रूला नुसता हात लावल्यासारखं केलं.

गोट्या थांबल्या. दोन्ही सिलिंडर एका तालात पडले आणि तो आवाज एकदम आवाज राहिलाच नाही. जात्यावर कुणी लांब कुठं तरी दळत असावं तशी एक सलग घरघर. फरशीतून पायाला ती लागत होती, पण नुसती ऊब लागावी तशी. आम्ही सगळे आत्याकडे पाहायला लागलो. निकाल तिनं द्यायचा होता.

‘‘अजून...’’ ती म्हणाली. डोळे मिटून तिनं तळवा आणखी दाबला. ‘‘अजून हाय... थांबा...’’

आम्ही थांबलो. मामा पेचकस धरून थांबले. बराच वेळ गेला. मग हमीदाखाला हळूच पुढं सरकल्या, आत्याच्या तोंडाजवळ वाकल्या आणि आमच्याकडे वळून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

‘‘सो गई,’’ त्या नुसत्या ओठांनी म्हणाल्या.

आत्या झोपली होती. मान खाटेच्या पायावर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, तळवा तसाच जमिनीवर. त्या घरघरीखाली दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. ना गुरगुर, ना कोपऱ्यावरची उसाची गाडी. जमिनीच्या पोटात तेव्हा काही चाललं असेल तर चाललं असेल. तिच्या हाताखाली फक्त दोन कार्बोरेटर होते.

मामांचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. हमीदाखालांनी त्यांचं मनगट पकडलं. ‘‘बंद करके तो देखो भाईसाब. हात तोड देतूं.’’

आणि मग ती दुपार सुरू झाली, जिचं नाव निघालं की आमच्या घरात अजूनही हसायला सुरुवात होते. आधी पेट्रोलचा प्रश्न आला. टाकीत परीक्षेपुरतंच होतं. बालाज्यानं घरमालकाचं ऋण फेडायचं म्हणून क्लासच्या सरांच्या स्कूटरमधून पेट्रोल काढायचं ठरवलं. नळी माझ्याकडेच होती, सलाईनची. तोंडानं ओढून काढायचं काम भौतिकशास्त्राचा जाणकार म्हणून माझ्याकडे आलं. शाई प्यालेल्या गाडीचं दुःख मला त्या दिवशी समजलं. पुढं बरेच दिवस मला ढेकर आला की आत्या मला चुलीपासून लांब बसवायची. स्कूटरमालक सर रागानं आले ते फाटकात थांबले, आत पाहिलं, आणि चपला हातात घेऊन परत गेले. त्या दुपारची पुढची बॅच त्यांनी फळ्यावर नुसतं लिहून शिकवली. पोरांना सगळ्यांत जास्त समजलेला धडा तोच, असं पुढं ऐकलं.

पण खरी अडचण वेगळी होती. अशी गाडी वाऱ्यानं गार होते. रस्त्यावर पळाली तर ठीक. एका जागी उभी ठेवून चालवत राहिलं तर तापते. आणि आत नव्या रिंगा. इंजिनाच्या पात्यांवरून हवा थरथरताना दिसायला लागली, रंगाचा करपट वास आला. मामा हात जवळ नेऊन मागं घेत होते. तुरीच्या पोत्यांआडून काढून, एकेक नट रॉकेलनं धुऊन, दोन वर्षं खपून त्या माणसानं ती गाडी परत उभी केली होती. बहिणीबद्दल एक शब्द न बोलता.

‘‘मामा, बंद करा,’’ मी कुजबुजलो. ‘‘जाम होईल.’’

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग आत्याकडे. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ उतरली होती, लहान पोराच्या उतरते तशी.

‘‘होऊ दे,’’ मामा म्हणाले.

मग त्यांनी चुलीमागचं सूप उचललं आणि इंजिनाला वारा घालायला लागले. त्यांचं पाहून मी परात घेतली. हमीदाखालांनी पदर कमरेला खोचून विणलेला पंखा घेतला. पोरं पायऱ्यांवरून उतरली आणि ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन बसली. जीवशास्त्राच्या झेरॉक्स नोट्सचा खरा उपयोग मी त्या दिवशी पाहिला. थोड्या वेळानं भंगारवालाही उठला. त्यानं आपल्या तराजूचं एक पारडं सोडवलं आणि गाडीपुढं उकिडवा बसून, जी गाडी न्यायला आला होता तिलाच वारा घालायला लागला. एवढी माणसं एका इंजिनाभोवती गोल बसून, घाम गाळत, आवाज न करता हलत होती. कुणा तिऱ्हाइतानं पाहिलं असतं तर त्याला हा कुठला देव आहे असं विचारावं लागलं असतं.

उन्हं शेडातून सरकून तुळशीवर गेली. आत्या एकदा घोरलीसुद्धा. मामांचा सूप धरलेला हात क्षणभर थांबला, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसू म्हटलं तर ते पुरं पडणार नाही. मग आवाज बदलला. घरघर जड झाली, ओढल्यासारखी झाली. मामांनी डोळे मिटून घेतले. आतून एक कोरडी करकर आली आणि गाडी जागच्या जागी गप्प झाली.

त्या शांततेनं आत्या जागी झाली. आधी तिनं तळवा दाबून पाहिला. मग डोळे उघडले. समोर सूप घेतलेला नवरा, परात घेतलेला भाचा, पदर खोचलेली मैत्रीण, झेरॉक्स घेतलेले भाडेकरू आणि पारडं घेतलेला एक परका माणूस. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

‘‘बंद का केली?’’ ती म्हणाली.

‘‘जाम झाली,’’ मामा म्हणाले.

‘‘म्हंजी?’’

‘‘पिस्टन धरला. खोलावी लागंल.’’

आत्या सावरून बसली. गालावर खाटेच्या पायाचा वळ उमटला होता. तिनं केस सारखे केले, पदर सारखा केला, तुळशीवर गेलेली उन्हं पाहिली आणि थोडी गोंधळली, कारण एवढ्या वेळाचा हिशोब तिला लागेना. मग भंगारवाल्याच्या हातातल्या पारड्याकडे बोट करून तिनं मामांना विचारलं, ‘‘हे अजून हितं काय करून राहिले?’’

‘‘तूच बोलावलंस की.’’

‘‘कशाला?’’ असं म्हणून ती भंगारवाल्याकडे वळली. ‘‘तुम्ही जावा भाऊ. आमची गाडी दुरुस्तीला हाय.’’